अनूप, जांगल आणि चारा : केवलादेवच्या पाणथळीचा इतिहास व त्याच्या संहिता

१. देशविचार

चरकसंहितेच्या कल्पस्थानात भूमीचे, म्हणजे ‘देशा’चे, तीन प्रकार सांगितले आहेत : जांगल, अनूप आणि साधारण. जांगल देश कोरडा, मोकळ्या आभाळाखालचा, खदिर-बोरीसारख्या काटक झाडांचा आणि हरणांचा. अनूप देश पाण्याचा, नदीकाठचा, वेतांचा आणि हंस-चक्रवाकांचा. साधारण देशात या दोहोंची लक्षणे मिसळलेली असतात. ‘जंगल’ या शब्दाला आज घनदाट अरण्याचा जो अर्थ चिकटला आहे तो पुष्कळ नंतरचा. मूळ शब्दात कोरडेपणाचीच सूचना होती. फ्रान्सिस झिमरमान यांनी १९८२ साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या अर्थांतराचा सविस्तर मागोवा घेतला असून वैद्यकाच्या परंपरेत आहार, औषधी आणि प्राणी यांची सारी मांडणी या दोन ध्रुवांभोवती कशी फिरते हे दाखवले आहे.

तमिळ परंपरेत भूविचाराची दुसरी एक मांडणी आहे. संगमकालीन काव्यशास्त्राने कुरिंजि, मुल्लै, मरुदम, नेय्दल आणि पालै अशी पाच ‘तिणै’ कल्पिली. त्यांपैकी पालै, म्हणजे रखरखीत प्रदेश, हिला स्वतःची अशी जमीन नाही. उन्हाळ्याच्या तापाने मुल्लै आणि कुरिंजि यांचे मूळ रूप हरपले की त्यांचीच पालै होते, असे स्पष्टीकरण ‘शिलप्पदिकारम्’मध्ये आले आहे. चरकाची मांडणी प्रामुख्याने स्थानाधिष्ठित आहे. तमिळ मांडणीतील पालै मात्र कालाधिष्ठित आहे. एकच भूमी एका ऋतूत कुरण असते आणि दुसऱ्या ऋतूत ओसाड.

पाणथळीचा आणि दुष्काळी चाऱ्याचा इतिहास या दोन मांडण्यांच्या संदर्भात वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. विसाव्या शतकातील शास्त्रीय आणि प्रशासकीय लेखनाने अनूप आणि जांगल यांची वाटणी दोन खात्यांत, दोन संस्थांत आणि दोन परिभाषांत केली. पाणथळ पक्षिशास्त्राकडे व वन्यजीवसंरक्षणाकडे गेली. अवर्षणाला टिकणारा चारा कृषिविज्ञानाकडे गेला. गवताच्या जीवनक्रमात आणि गुराख्याच्या वर्षात मात्र ही दोन्ही एकाच चक्राची अंगे होती. राजस्थानातील भरतपूरजवळचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान हे या वाटणीचे आणि तिच्यासाठी मोजलेल्या किमतीचे ठळक उदाहरण आहे.

२. भरतपूरचा सखल भाग

केवलादेवचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराचे पाणी जिथे पसरे त्या नैसर्गिक सखल भागात ही पाणथळ आहे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळी अजान बांध घातला गेला आणि या सखल भागातील पाण्याला नियंत्रण आले. नगराचे पुरापासून रक्षण, आसपासच्या गावांच्या गुरांना चराई आणि पुढे पाणपक्ष्यांची शिकार असे या भूमीचे उपयोग होत गेले. भरतपूर भागातील बांधांची जुनी रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे : पावसाळ्यात पाणी अडवून जमिनीत मुरू द्यायचे, ते सोडून दिल्यावर उघड्या पडलेल्या तळात रब्बी पेरायची. पाणथळ आणि शेत ही त्या रीतीत एकाच जागेची दोन नावे होत.

या परिसराचे सांस्कृतिक स्थानही विसरता येत नाही. भरतपूर हा व्रजभूमीचा भाग आहे. ‘व्रज’ या शब्दाचा एक मूळ अर्थच गोठा किंवा गोसमूह असा आहे; जवळच असलेल्या गोवर्धन पर्वताच्या नावात गोधनाची वृद्धी आहे. व्रजभाषेतील कृष्णकाव्याची सारी सृष्टी गाई, गोप, कुरण आणि यमुनाकाठ यांवर उभी आहे. उद्यानाला ज्याचे नाव मिळाले ते केवलादेव हे त्याच्या अंतर्भागातील शिवमंदिर. भोवतालच्या लोकांच्या बोलण्यात मात्र ही जागा ‘घना’ म्हणूनच ओळखली जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूर दरबाराने येथे कालवे, बंधारे आणि झडपांची दारे बांधून बदकांच्या शिकारीसाठी राखीव क्षेत्र तयार केले. या शिकारींचा वृत्तान्त मंदिराजवळच्या शिलाफलकांवर कोरलेला आजही वाचता येतो : तारीख, प्रमुख पाहुणा, बंदुकांची संख्या आणि मारलेल्या पक्ष्यांची संख्या. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेल्याची नोंद त्यावर आहे. प्रशस्तिलेखाच्या परंपरेत हा फलक ठेवून पाहिला तर त्याचा आकृतिबंध ओळखीचा वाटतो. जिंकलेल्या देशांच्या जागी येथे पक्ष्यांचे आकडे आले आहेत. या संहितेत पाणी गृहीत आहे, गवत गृहीत आहे, आणि त्या गवतात वर्षभर वावरणारी म्हैस व गुराखी यांना ओळही मिळालेली नाही. पुढील शासकीय लेखनाला हा वगळलेला भाग वारशाने मिळाला असे म्हणता येईल.

१९५६ साली या क्षेत्राला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. राजघराण्याचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत राहिला. १९८१ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत त्याचा समावेश झाला, १९८०च्या दशकाच्या आरंभी ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली जागतिक वारसा स्थळ.

३. चिखलातील गवत

मोसमी पाणथळीतील वनस्पतींना दोन परस्परविरोधी संकटांना तोंड द्यावे लागते. पावसाळ्यात मुळे पाण्याखाली जातात आणि चिखलातील प्राणवायू संपतो. उन्हाळ्यात तोच चिखल तडकतो. पहिल्या संकटावर या वनस्पतींचा उपाय म्हणजे खोड आणि मुळे यांतील हवेच्या पोकळ्या. पानांकडून आलेला वायू या पोकळ्यांतून मुळांपर्यंत पोचतो. दुसऱ्या संकटावरचे उपाय वेगवेगळे आहेत. काही वनस्पती बीजरूपाने चिखलात पडून राहतात आणि पाणी ओसरून माती उघडी पडली की रुजतात. मोथ्यासारखी लव्हाळी कंदरूपाने तग धरतात. काही गवते जमिनीखालच्या आडव्या खोडात अन्न साठवून पुढच्या पावसाची वाट पाहतात.

केवलादेवच्या इतिहासात निर्णायक ठरलेले पास्पॅलम डिस्टिकम हे गवत या शेवटच्या गटातले आहे. ते जमिनीवर सरपटते, पेऱ्यापेऱ्याला मुळे धरते, उथळ पाण्यात खोडे लांबवून पृष्ठभागावर दाट चटई विणते आणि पाणी आटल्यावर ओलसर चिखलात खोडाच्या आधाराने टिकून राहते. म्हशीला ते आवडते. पाण्यात उभी राहून चरणारी म्हैस ही चटई सतत तोडत राहते आणि मोकळ्या पाण्याला जागा मिळते. त्या मोकळ्या पाण्यात बदके उतरतात, मासे वाढतात, बुडालेल्या पाणवनस्पतींना ऊन मिळते. बीज, कंद आणि खोड या तीन प्रकारांनी जगणाऱ्या वनस्पतींमधील समतोल येथे चरणाऱ्या तोंडाने राखला होता. बेथ मिडलटन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या गवताने व्यापलेल्या केवलादेवच्या चिखलातील बीजसाठ्याची आणि वनस्पतींच्या फेरबदलांची तपासणी केली. वरवर एकसुरी दिसणाऱ्या हिरव्या चटईखाली इतर वनस्पतींची बीजे दडलेली असतात, आणि पाण्याची चढउतार व उघडी जागा मिळाल्याखेरीज त्यांना वर येता येत नाही, हे मोसमी पाणथळीच्या अभ्यासाचे मूलसूत्र आहे.

४. वाळूतील गवत

भरतपूरहून पश्चिमेकडे गेले की पाऊस कमी होत जातो आणि गवताचे शील बदलते. बिकानेर-जैसलमेरच्या वाळूत सेवण गवत वाढते. त्याची मुळे खोल जातात, बुंधा वाळूत गाडलेला राहतो, पाने वाळून गेली तरी तो जिवंत असतो आणि एखाद्या सरीनंतर पुन्हा फुटतो. धामण किंवा अंजन गवत बुंध्याशी असलेल्या फुगीर भागात अन्न साठवते. वनस्पतिशास्त्र अवर्षणाला तोंड देण्याचे तीन मार्ग मानते : कोरडा काळ येण्याआधी आयुष्य उरकून बीजरूपाने सुटणे, खोल मुळांनी वा पानांवरच्या मेणाने पाणी राखून कोरडेपणा टाळणे, आणि पेशीतील पाणी घटले तरी ते सोसणे. या यादीतील पहिले दोन मार्ग पाणथळीच्या चिखलातही दिसले होतेच. बीजरूपाने पडून राहणे आणि बुंध्यात वा खोडात साठा करून थांबणे ही युक्ती दलदलीतही चालते आणि वाळवंटातही.

मराठी मुलखात याला समांतर असलेले उदाहरण रब्बी ज्वारीचे आहे. मोहोळ येथे १९३०च्या दशकात निवड करून सिद्ध झालेली ‘मालदांडी ३५-१’ ही जात पावसावर वाढत नाही. पावसाळ्यात काळ्या जमिनीने साठवलेल्या ओलीवर वाढते. तिच्या दाण्याइतकेच मोल तिच्या कडब्याला आहे. भरतपूरच्या बांधाच्या तळातील रब्बी आणि सोलापूरच्या काळ्या रानातील शाळू यांमागे ओसरत्या ओलीचे एकच गणित आहे.

दुष्काळाच्या भाषिक व्यवहारातही चाऱ्याचे स्वतंत्र स्थान आढळते. मारवाडच्या बोलीत धान्याच्या, पाण्याच्या आणि गवताच्या दुष्काळांना निरनिराळी नावे आहेत. गवत नसेल तर ‘तिनकाल’, पाणी नसेल तर ‘जलकाल’, आणि तिन्ही नसतील तर ‘त्रिकाल’. विक्रम संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९००, सालचा ‘छप्पनियो’ हा तेथील लोकस्मृतीतील त्रिकाल होय. ब्रिटिश शेतीविषयक लेखनात जे. ए. व्होल्कर यांनी १८९३ सालच्या अहवालात सरपण व चाऱ्यासाठी राखीव कुरणे असावीत असे सुचवले होते. तथापि प्रशासनाच्या शब्दकोशात दुष्काळ प्रामुख्याने धान्याचाच राहिला. मराठीत १९७२च्या दुष्काळाने आणि त्यानंतरच्या अवर्षणांनी ‘छावणी’ हा मूळचा लष्करी शब्द गुरांसाठी रूढ केला, हेही या संदर्भात नोंदवण्यासारखे आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात शुष्क प्रदेशाच्या संशोधनासाठी १९५९ साली जोधपूर येथे केंद्रीय संस्था आकाराला आली आणि १९६२ साली झाशी येथे भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्था स्थापन झाली. झाशीच्या संस्थेशी निगडित असलेले पी. एम. दबडघाव यांनी के. ए. शंकरनारायण यांच्यासह लिहिलेला भारतातील गवताच्छादनाविषयीचा ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाला. देशातील गवताळ भूमीचे त्यांनी पाच प्रकार केले. त्यांपैकी एक दख्खनचा सेहिमा-डायकँथियम हा प्रकार, ज्यात मराठी शेतकऱ्याच्या ओळखीचे मारवेल येते. दुसरा धामण-सेवणाचा शुष्क प्रकार. तिसरा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळप्रदेशातील नळ, काश आदींचा ओला प्रकार. उरलेले दोन हिमालयाच्या डोंगरउतारांचे आणि उंचावरच्या थंड प्रदेशाचे.

या ग्रंथाचे महत्त्व असे की दलदलीचे गवत आणि वाळूचे गवत येथे एकाच वर्गीकरणात, चारा म्हणून, शेजारीशेजारी बसले. भरतपूर तर कोरड्या आणि गाळाच्या प्रदेशांच्या सीमेवरच आहे. वाङ्मयात ही गवते वेगळ्या रूपाने येतात. संस्कृत काव्यात काश हे शरदाचे चिन्ह आहे; बंगालीत काशफूल म्हणजे पूजेची चाहूल, आणि सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ने (१९५५) त्याला जगभर पोचवले. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी शकुंतलेच्या तापासाठी उशीराचा, म्हणजे वाळ्याचा, लेप नेला जातो. काव्याने या गवतांचे फूल आणि गंध घेतला. त्यांचे खाद्यत्व गुराख्याच्या बोलीकडे राहिले.

५. १९८२

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या ३५व्या कलमानुसार राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावरांची चराई निषिद्ध आहे. केवलादेवला हा दर्जा मिळताच कायद्याच्या दृष्टीने तेथील म्हशी आणि गाई अतिक्रमक ठरल्या. सालिम अली यांच्यासारख्या ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञाचाही चराईबंदीला पाठिंबा होता. पाळीव जनावर आणि वन्य अधिवास हे एकमेकांचे शत्रू, हा विचार त्या काळच्या आंतरराष्ट्रीय संरक्षणविचारात प्रस्थापित होता. नोव्हेंबर १९८२ मध्ये बंदीची अंमलबजावणी झाली. पर्यायी चाऱ्याची पुरेशी व्यवस्था नव्हती. गावकऱ्यांचा पोलिसांशी संघर्ष झाला आणि गोळीबारात गावकरी मृत्युमुखी पडले.

या घटनेनंतरचा भाग ज्ञानाच्या इतिहासात विशेष महत्त्वाचा आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० ते १९९० या काळात व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली केवलादेवच्या परिस्थितिकीचा दीर्घ अभ्यास केला. चराई थांबल्यावर पास्पॅलमची चटई अनिर्बंध पसरली, मोकळे पाणी आकसले, मासे आणि पाणपक्षी यांचा अधिवास घटला, असे या अभ्यासातून पुढे आले. जिला हटवले ती म्हैस या पाणथळीची घटक होती. गवत काढण्यासाठी यंत्रे लावावी लागली आणि पुढे गावकऱ्यांना हाताने चारा कापून नेण्याची परवानगी मिळाली. ज्या संस्थेच्या परंपरेतून बंदीला बळ मिळाले होते तिच्याच दीर्घ अभ्यासाने बंदीचा आधार डळमळीत केला, ही शास्त्राच्या प्रामाणिकपणाची खूण मानावी लागेल. परंतु शास्त्राचा निष्कर्ष येईपर्यंत माणसे मेली होती. पर्यावरण-इतिहासकार मायकेल लुइस यांनी २००३ साली या प्रकरणाची चिकित्सा करताना शास्त्र आणि वकिली यांतील सीमारेषेचा जो प्रश्न उभा केला तो येथेच उगम पावतो.

६. दुसरे वाचन

माधव गाडगीळ यांनी लोकांच्या परिस्थितिकीविषयक ज्ञानाची चर्चा करताना केवलादेवलगतच्या अघापूर गावातील लोकांचे एक प्रतिपादन नोंदवले आहे. उद्यान झाल्यापासून सायबेरियन क्रौंचांचे येणे घटले, असे त्या लोकांचे निरीक्षण होते. त्यांनी दिलेले कारण असे : पूर्वी गावकरी वाळ्याची मुळे खणून नेत, त्यामुळे माती भुसभुशीत राही आणि क्रौंचांना जमिनीतील कंद सहज उकरता येत, खणणे बंद झाले, माती घट्ट झाली. या पक्ष्यांच्या घटीला त्यांच्या दीर्घ प्रवासमार्गावरील शिकार आणि अधिवासाचा ऱ्हास ही इतर कारणेही आहेत, आणि २००१-०२च्या हिवाळ्यानंतर ते केवलादेवला दिसलेले नाहीत. तेव्हा अघापूरच्या लोकांचे म्हणणे हे सिद्धान्त नसून तपासण्याजोगे गृहीतक आहे. त्याचे मोल त्याच्या रचनेत आहे. गवत, माती, कंद, पक्षी आणि मनुष्याचा हात यांना ते एका कार्यकारणसाखळीत ओवते. शिलाफलक, राजपत्र आणि पक्ष्यांच्या याद्या या लिखित संहितांत या पाचांपैकी एखाददुसऱ्यालाच प्रवेश होता.

वाळा ही वनस्पती या निबंधाच्या विषयाचे मूर्त रूप आहे. ती मूळची ओल्या, सखल जागांतील. पुरात उभी राहते. मुळे खोल गेल्यामुळे अवर्षणही सोसते. कर्नाटकातील गुंडलुपेट परिसराचे शेतकरी दीर्घकाळ शेताच्या सीमेवर तिच्या रांगा राखत आले आणि कोवळा पाला जनावरांना घालत आले. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी मृदसंधारणासाठी तिचा जगभर पुरस्कार केला तेव्हा हा जुना अनुभव त्यांच्यासमोर होता. अनूप आणि जांगल यांतील भेद या एका झुडुपाला मान्य नाही.

अवर्षणाला टिकणे हा गुण निरपवाद मानता येत नाही, हेही केवलादेवच्या पुढील इतिहासाने दाखवले. एकोणिसाव्या शतकात भारतात आलेली वेडी बाभूळ, जिला राजस्थानात विलायती बबूल म्हणतात, तिला तिच्या काटकपणामुळेच जोधपूर संस्थानाने १९४० साली ‘शाही वृक्ष’ ठरवले. तिच्या शेंगा गुरे खातात, पाला टाळतात. गंभीर नदीवरील पांचना धरणाच्या पाण्यावरून करौली आणि भरतपूर यांच्यात वाद झाला आणि २००३ नंतरच्या वर्षांत केवलादेव कोरडे पडू लागले, तेव्हा या बाभळीने पाणथळीच्या तळावर पाय रोवले. २००७पासून तिच्या निर्मूलनात आसपासच्या गावांतील लोकांना लाकडाच्या मोबदल्यात सहभागी करून घेण्यात आले. १९८२ साली ज्यांना बाहेर काढले त्यांनाच पाव शतकानंतर आत बोलवावे लागले. पाण्यासाठीही उद्यानाला गोवर्धन नाल्यातून येणाऱ्या प्रवाहाकडे वळावे लागले. गोधनाच्या वृद्धीचे नाव ज्या पर्वताला आहे त्याच्याच नावाच्या नाल्याने पक्ष्यांच्या उद्यानाला पाणी पुरवले.

धामणाची कथा उलट्या दिशेने हाच मुद्दा सांगते. एकोणिसाव्या शतकात अफगाण उंटवाल्यांच्या खोगिरांच्या भरणातून हे गवत ऑस्ट्रेलियात पोचले असे मानले जाते. तेथे ते उत्तम चारा ठरले आणि देशी वनस्पतींना हटवणारे आक्रमक तणही ठरले. राजस्थानात गुणी ठरलेले गवत तेथे उपद्रवी, आणि येथे उपद्रवी ठरलेले पास्पॅलम म्हशीच्या तोंडी उत्तम वैरण. गवताचा स्वभाव त्याच्या जातीत जितका असतो तितकाच ते कोण खाते, कोण कापते आणि पाणी केव्हा येते यांत असतो.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासात एक पद्धतिविषयक सूचना मिळते. भूमीविषयीच्या संहिता वाचताना त्यांचा काळ कोणता, हे विचारणे आवश्यक आहे. शिकारीचा फलक एका दिवसाचा आहे. अधिनियम कायमस्वरूपी आहे. गवताच्या वर्गीकरणाला सर्वेक्षणाची काही वर्षे लाभली. ‘तिनकाल’सारख्या शब्दात पिढ्यांचा अनुभव साठला आहे. अनूप आणि जांगल यांना दोन स्वतंत्र देश मानणारी दृष्टी एका क्षणाच्या नकाशावर बेतलेली असते. एकच भूमी ऋतुपरत्वे आपले रूप टाकते आणि पुन्हा धारण करते, ही पालैच्या कल्पनेतील जाण मोसमी पाणथळीच्या विज्ञानाला अधिक जवळची आहे. भरतपूरच्या गुराख्यालाही ती होती. त्याची ती जाण कोणत्याही फलकावर कोरली गेली नव्हती, आणि म्हणून १९८२ साली निर्णय घेणाऱ्यांना ती वाचता आली नाही.